कळवावे, कळवू नये

कागदावर दोन चौकोन होते. वरच्यापुढे छापलं होतं, ‘कळवावे.’ खालच्यापुढे, ‘कळवू नये.’

“घाई नाही,” टेबलापलीकडची ऐश्वर्या म्हणाली. सरकारी रुग्णालयात मृतांच्या नातेवाइकांशी बोलायचं काम तिच्याकडे होतं. वय पंचविशीचं, आवाज जपून वापरलेला. “प्रयोगशाळेत अजून बरेच नमुने बाकी आहेत. बाबुरावांचं आणखी काही जुळलं, तर तुम्हाला फोन करायचा की नाही, एवढंच सांगायचं.”

“आणि नाही म्हटलं तर?” स्वप्नाने विचारलं. तिची आई शेजारच्या खुर्चीत बसली होती.

“तर मग ते आम्ही बाकीच्यांसोबत...” ऐश्वर्याने कागदाकडे पाहिलं. पुढचा शब्द तिथे होता, ‘विल्हेवाट’. तिने तो उच्चारला नाही.

बाबुराव पाटोळे, स्वप्नाचे वडील, डोंबिवलीच्या एमआयडीसीत बॉयलरवर कामाला होते. स्फोट झाला तेव्हा पाळी संपायला वीस मिनिटं होती. त्याला आता अकरा आठवडे झाले. पहिला फोन सतराव्या दिवशी आला. स्वप्नाच्या रक्ताशी जुळला होता तो एक उजवा तळहात, तीन बोटांसह. त्याची पेटी तिने रिक्षात मांडीवर धरून दफनभूमीत नेली.

भगवानने खड्डा मात्र पूर्ण लांबीचा खणून ठेवला होता. तीस वर्षं तो कबरी खणत होता. ख्रिस्ती माणसाला पाय पूर्वेकडे करून पुरतात. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल, तेव्हा मेलेला उठून उभा राहिला, की तोंड त्याच्याकडेच असावं. भगवानने पेटी हातात घेतली आणि सवयीने विचारलं, “पाय कुठल्या बाजूला?”

चर्चच्या पाळकसाहेबांनी मान खाली घातली. शेवटी आईच पुढे झाली. खड्ड्यात मधोमध, जरा उजवीकडे, तिने बोट दाखवलं. “इथं ठेव. हात असतो तिथं.”

सहाव्या आठवड्यात दुसरा फोन आला. बरगडीचा तुकडा होता. भगवानने माती पुन्हा उकरली. “हातापासून जरा आत घे,” आई काठावरून सांगत होती. “अजून थोडं वर. हां, बस.” पाहुण्याचं अंथरूण घालताना सांगावं, तसं.

स्वप्नाने कॉलेजात असतानाच चर्चला जाणं सोडलं होतं. मेलेला माणूस उठत नाही. दोन्ही अहवाल तिने शब्दन्शब्द वाचले होते. त्यात उठण्यासारखं काही नव्हतं. आईला मात्र नवरा थोडा थोडा करून परत येतोय असं वाटत असणार. रुग्णालयातून फोन आला म्हटलं, की ती लगेच साडी बदलायला उठायची. आज बरगडी, उद्या टाचेचं हाड, परवा एखादा दात. किती वेळा खणायचं? आज सकाळी वर्तकनगरच्या घरून निघतानाच स्वप्नाने ठरवलं होतं, की हे थांबवायचं. आई रडेल. ‘असे अर्धवट कसे उठतील गं ते?’ म्हणेल. म्हणू दे.

“आई, मला वाटतं...”

“आधी वाच तरी. काय लिहिलंय?”

स्वप्नाने वाचून दाखवलं. विल्हेवाटीसकट, सगळं.

आई म्हणाली, “नको कळवायला.”

तिला नीट समजलं नसावं असं स्वप्नाला वाटलं. “अगं, नको म्हटलंस तर उरलेलं कधीच मिळणार नाही आपल्याला.”

“आपल्याला कशाला पाहिजे? ह्यांचं काय काय कुठं पडलंय, ते प्रभूला माहितेय. नाल्यातून खाडीत गेलं असेल. पत्र्यावर जळलं असेल. कुत्र्यानं नेलं असेल.” ऐश्वर्याने नजर खाली वळवली. आई बोलतच राहिली. “ह्यांना स्वतःचा चष्मा कधी सापडला नाही, पण प्रभूला हे सापडतील. गोळा करायचं काम त्याचं. आपण कशाला मधे मधे करायचं?”

“मग तिथे भगवानला जागा कशाला दाखवत होतीस? हात इथे, बरगडी तिथे?”

“तू आणत होतीस ना बाई. एवढं मांडीवर धरून आणायचीस, नीट ठेवायला नको?” आईने कागद तिच्याकडे सरकवला. “कर खूण आणि चल. सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही.”

जे मागायला स्वप्ना आली होती, ते न मागता मिळालं होतं. तिने पेन उचललं. खालच्या चौकोनावर नेलं. पेन तिथेच थांबलं. ऐश्वर्या वाट बघत राहिली. बाहेर कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारलं, दोनदा.

स्वप्नाने हात वर सरकवला आणि खूण केली.

आई वाकून बघत होती. “अगं, वरच्यात कशाला केलीस? नको म्हटलं ना मी?”

“तुला बाबा परत भेटणार आहेत, आई,” स्वप्ना म्हणाली. “मला एवढेच मिळणार.”