हिला कुणी नेलं?

"मॅडम, सापडली आमची उन्नती." फोनवर कृष्णा साळसकर हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. "चुकून मैत्रिणीच्या व्हॅनमध्ये बसून तिच्या गावाला, गासला गेली होती. तिकडच्या आजीने जेवू घालून झोपवली. आता ती बातमी तेवढी काढा."

"हो, लगेच काढते," विनया म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. दुपारी याच माणसाने फुलपाड्याहून हुंदके देत आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा फोटो पाठवला होता. तो तिने हातातलं काम टाकून लगेच वेबसाइटवर टाकला होता. बातमी काढायला तिने लॅपटॉप उघडला, तेवढ्यात नेल्सनचा फोन आला.

वसई-विरारच्या बातम्यांची ही वेबसाइट दोघांची. लिहायची विनया, जाहिरातींचं बघायचा नेल्सन. टँकर आणि खड्ड्यांच्या बातम्या लोक वाचायचे, शिव्या घालायचे आणि निघून जायचे. जाहिरातीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. नालासोपाऱ्याचा एक गादीवाला तेवढा उरला होता. सोमवारी तो आकडे बघणार होता. तो गेला की वेबसाइटला टाळं.

"पोरीच्या पानावर गादीची जाहिरात काय चाललीय, बघ," नेल्सन म्हणाला. "मी टेस्ट लावलीय. अर्ध्या लोकांना हेडिंग दिसतं 'हिला पाहिलंत का?' आणि अर्ध्यांना 'हिला कुणी नेलं?' दुसरं डबल चालतंय. लोक थांबतात, खालपर्यंत जातात, जाहिरात दाबतात."

"अरे, ती सापडली."

"मग चांगलंच झालं ना. सोमवारपर्यंत राहू दे. कुणाचं काय जातंय?"

विनया दुष्ट नव्हती. पोरगी घरी पोचली, फोटो दोन दिवस जास्त राहिला तर कुणाचं काय वाकडं होणार, असं तिने स्वतःला समजावलं. स्वतःला समजवायला माणसाला फार वेळ लागत नाही. 'ती मुलगी सुखरूप' अशी दोन ओळींची वेगळी बातमी तिने टाकली आणि लॅपटॉप मिटला. ती बातमी अकरा जणांनी वाचली.

शनिवारी टेस्टचा निकाल लागला. नेल्सनने पहिलं हेडिंग काढून टाकलं. आता सगळ्यांनाच 'हिला कुणी नेलं?' दिसू लागलं, आणि फोटोही मोठा झाला. खाली कुणीतरी लिहिलं, टोळी आलीय. दुसऱ्याने त्या टोळीला निळा शर्ट घातला. तिसऱ्याने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पान घरोघरच्या ग्रुपवर फिरायला लागलं.

संध्याकाळी कृष्णाचा पुन्हा फोन. "मॅडम, ते अजून दिसतंय हो. भाजीवाली पण आमच्याकडे कशी बघत होती."

"तुमच्या फोनमध्ये जुनं पान अडकलं असेल. फोन बंद करून चालू करा."

"असेल, असेल," तो म्हणाला. वर तिचे आभारही मानले. पोरगी मिळाली तर जीवदानी देवीच्या गडाच्या पायऱ्या चढेन असा नवस तो बोलला होता. उद्या सकाळीच तो उन्नतीला घेऊन जाणार होता, बायकोला आठवा महिना म्हणून ती घरीच. "तुमच्यासाठी पण प्रसाद आणतो," तो म्हणाला.

विनयाला स्वतःची लाज वाटली. काट्याचा नायटा होतो हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? तिने पान उघडलं आणि बराच वेळ नुसतंच बघत बसली. मग सोमवार एकाच दिवसावर आहे, असं म्हणून बंद केलं.

रविवारी साडेदहाला आकडा एकदम उसळला. पाच मिनिटांत दुप्पट, मग चौपट. नेल्सनचा फोन आलाच. "बघतेयस ना? अशी गर्दी आपण कधी बघितली नाय. गादीवाला आता वर्षाचं देणार, लिहून घे."

विनया हसली. खरंच हसली. "कुठून येतायत रे एवढे लोक?"

"सगळे एकाच जागेवरून. विरार पूर्व, जीवदानीच्या पायथ्याला."

तिने फोन कापला आणि कृष्णाला लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फोन बंद लागला. तिने ते पान पुसून टाकलं. त्याला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

मग वेबसाइटच्या नंबरवर कुणा अनोळखी माणसाचा मेसेज आला.

'ताई, तुमच्या बातमीतली पोरगी पायऱ्यांवर मिळाली. नेणाऱ्याला पब्लिकने असा धुतलाय की आता हलत पण नाय. पोरीला काय पढवून ठेवलंय कोण जाणे, त्यालाच पप्पा पप्पा करतेय.'