डागाशेजारचं नाव
उद्या रत्नागिरीहून साहेब तपासणीला येणार म्हणून वाचनालयाचे नवे अध्यक्ष विनीतराव कपाटांना कुलपं घालत होते. “यापुढे वाडीवर एकही पुस्तक जाणार नाही, बाई. पोरं डाग पाडून आणतात,” म्हणत त्यांनी आंब्याच्या चिकाने काळवंडलेलं पुस्तक रद्दीत भिरकावलं. ग्रंथपाल गोदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्या आंब्याच्या पेटीत पुस्तकं भरून वाडीवाडीवर हिंडल्या होत्या. डाग पडला म्हणून कधी कुणावर ओरडल्या नाहीत. डागाशेजारी वाचणाऱ्याचं नाव तेवढं लिहून ठेवत. त्यांनी ते पुस्तक उचललं, डागाचं पान उघडून टेबलावर आपटलं. “वाच मेल्या, मोठ्याने वाच!” बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘विनीत, इयत्ता पाचवी. बापाबरोबर बागेत राखणीला असताना.’ अध्यक्षांनी किल्ल्या पुढे केल्या. “मला कशाला देतोस? तूच उघड. आणि पेटी उचल, वाडीवर जायचंय.”