मातृभाषा

दोन वर्षांची लेक अजून धड 'आई'सुद्धा म्हणेना, नुसतीच काहीबाही बडबडे. जिवाला घोर लागला, तशी आई तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली.

"घरात दुसरी कुठली भाषा हिच्या कानावर पडते का?"

"छे हो, निव्वळ मराठी!"

तेवढ्यात लेकीने टेबलावर ठेका धरला आणि सुरात काहीतरी लांबलचक म्हणायला लागली. डॉक्टरबाईंना हसूच फुटलं. "अहो, बोलतेय की छान! कोरियन बँडचं गाणं आहे हे, माझी मुलगी दिवसभर हेच लावते. हिला कुणी शिकवलं?"

"असली गाणी आमच्याकडे कोण ऐकणार? त्या रंगीत केसांच्या पोरांचं मला ओ की ठो कळत नाही," आई फणकारली.

 

लेक मध्येच एका शब्दाला अडली, आणि तो आईच्या तोंडून आपसूक, अगदी सुरात बाहेर पडला.