बाईंची फाइल, साहेबांची फाइल

सचिवबाईंनी फाइल उघडली आणि झाडू कारागीर संघाच्या चिटणीसाला आपली चूक कळली. आत आकडे नव्हतेच. मोठ्या फोटोत एका म्हातारीचे चिरा पडलेले हात होते आणि खाली तिची कर्मकहाणी. ही फाइल मंत्र्यांसाठी होती. म्हणजे बाईंसाठी केलेले चाळीस पानी तक्ते तो तासाभरापूर्वी मंत्र्यांच्या दालनात ठेवून आला होता.

वीस वर्षं सरकारदरबारी जोडे झिजवून चिटणीस एवढंच शिकला होता: मंत्र्यापुढे रडावं, सचिवापुढे आकडे मांडावेत. त्यातून हे मंत्री जेमतेम चौथी शिकलेले, आणि बाई म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. उद्या आदेश निघणार होता. सरकारी कचेऱ्यांनी यापुढे फक्त यंत्रावर बांधलेले झाडू घ्यायचे. यंत्रवाल्यांनी दोन्ही दारं केव्हाच धरली होती. हाताने झाडू बांधणाऱ्या दोनशे घरांची चूल विझणार होती, आणि ऐन वेळी या बहाद्दराने फायलींची अदलाबदल केली होती.

बाईंनी चष्मा काढून पुसला. लावला. पुन्हा काढला. या अजून झाडू बांधतात का, असं त्यांनी विचारलं. बांधतात, चिटणीस म्हणाला. बाईंनी नाक ओढलं, खिडकीकडे पाहिलं आणि शेरा लिहिला: हातबांधणीचे झाडूही घ्यावेत.

"सही मात्र साहेबांची लागेल," त्या म्हणाल्या.

नेमकं तिथेच घोडं पेंड खाणार होतं. बाईंचा कागद घेऊन चिटणीस मंत्र्यांकडे गेला तो मनात माफीचे शब्द जुळवतच. दालनात टेबलभर तक्ते पसरले होते. साहेब ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होते. भेटायला आलेली मंडळी बाहेर ताटकळत होती. चिटणीसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पान नऊवर तुमची बेरीज चुकलीय," साहेब म्हणाले. "बाकी मुद्दा पटला." आणि त्यांनी बाईंच्या शेऱ्याखाली सही ठोकली.

चिटणीस पडला सरळ माणूस. खरं तर हे कागद साहेबांसाठी नव्हतेच, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण साहेब तक्ते एकेक करून नीट जुळवत होते, जपून, कोपऱ्याला कोपरा लावून.

"जो येतो तो माझ्यापुढे रडून जातो," ते म्हणाले. "मला वाचता येतं असं धरून चालणारे तुम्ही पहिलेच."