आतली हवा

सुधारगृहात ती आली तेव्हा तिच्या कागदांवर एकच शेरा होता: रागीट, सतत आदळआपट करते. मातीकाम शिकवणाऱ्या काकांनी तो वाचला आणि तिच्या हातात मातीचा भलामोठा गोळा दिला. "आपट. जोरात."

धाडधाड आवाज ऐकून अधीक्षकबाई धावत वर्गात आल्या. "झालं का हिचं सुरू!"

"बाई, काका म्हणतात, मातीत हवा राहिली तर भांडं भट्टीत फुटतं," हात न थांबवता ती म्हणाली. "आणि शेजारची चार घेऊन फुटतं. म्हणून ती आधीच आपटून काढायची."

तेवढ्यात बाईंचा मोबाइल वाजला. वरच्या साहेबांचा, सकाळपासूनचा सातवा फोन. बाईंनी तो बंद केला, घड्याळ काढून ठेवलं आणि दार लोटलं.

"सरक गं जरा. मलाही एक गोळा दे."