धावपट्टीलगतचा खोकला

साथीमुळे विमानं बंद झाली आणि पंधरवड्यात सासूबाईंचा जुना खोकला थांबला. सुनेच्या मनात पाल चुकचुकली. घर धावपट्टीला लागून, नवरा विमानात सामान चढवणारा. आता तो दिवसभर घरीच. मुलाने जवळ बसावं म्हणून इतकी वर्षं नाटक केलं? ती दाराआडून कानोसा घेई. एकदा खिडकी पुसताना तिच्या लक्षात आलं, फडकं आता काळं होत नाही. तिचा संशय विमानांवर गेला. पुढे उड्डाणं सुरू झाली, नवऱ्याला कामावर बोलावणं आलं. तो निघताना न्हाणीघरातला नळ उगाचच धो धो वाहत होता. तिने दार ढकललं. सासूबाई तोंडात टॉवेल कोंबून खोकत होत्या. “त्याला कळू देऊ नकोस, मिळालेलं काम सोडेल,” त्या पुटपुटल्या. “काम कशाला, घर सोडू,” म्हणत तिने नळ बंद केला आणि नवऱ्याला हाक मारली.