बोटीच्या कुशीवरचा कापूर

खंडेनवमीची पूजा अनंतरावांच्या शेंद्र्याच्या कारखान्यात दरवर्षीच दणक्यात होते. यंदा तर नौदलाचा अधिकारीच पाहुणा होता. फायबरच्या गस्ती बोटी दुपारी ट्रेलरवर चढायच्या होत्या. साहेबांची सही तेवढी राहिली होती. सकाळी त्यांच्यासमोर फायबरच्या नमुन्यावर ज्योत धरली, तर नमुन्यानं आग म्हणून धरली नाही.

नमुना गुणी निघाला, कारण त्यातले धागे सांधणारं रेझिनच वेगळं. आगीला दाद न देणारं. पण महाग, दाट आणि वाळायला आळशी. ते नमुन्यापुरतं. बोटींना साधं. कारखान्याच्या केमिस्ट दमयंतीबाई यावरून अनंतरावांशी महिनाभर भांडत होत्या.

"मॅडम, बोट पाण्यात असते," अनंतराव हसून म्हणायचे. "तिथं काय आपल्यासारखा टँकर मागवावा लागतो?"

आरतीला सगळे उभे राहिले. दमयंतीबाईंनी कापराचं तबक बाजूला सारलं. भंगारातून एक गोल चकती उचलली. बोटीच्या कुशीला खिडकीचं भोक पाडताना निघालेली. ती टेबलावर ठेवून, वर कापूर रचून त्यांनी काडी ओढली.

पहिलं कडवं संपायच्या आत चकतीच पेटली. काळा धूर घशात शिरला. टाळ्या थांबल्या.

"बन्सी, सिलिंडर घे," अनंतराव ओरडले.

कामगार बन्सीनं भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर उतरवला. पण पूजा त्याचीही झाली होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि हाराचा दोरा खटक्याच्या पिनेभोवती गच्च आवळलेला.

"पिनच निघंना, मालक."

"हार तोड की मग."

"पूजेचा हाय, मालक. कसा तोडू?"

बन्सी गाठ सोडत बसला. चकती टेबलाला भोक पाडून आपोआप विझली. काजळीचे धागे तरंगत येऊन पेढ्यांच्या ताटावर बसले.

अधिकारी रुमालात खोकत होता.

"नमुना तुम्ही स्वतः पास केलाय, साहेब," अनंतराव धापा टाकत म्हणाले. "हा भंगारातला तुकडा. तो कशाला मनावर घेता?"

"खरंय," दमयंतीबाई म्हणाल्या. "फक्त सहीच्या वर एक ओळ लिहा, साहेब. बोटीला आग लागली, तर खलाशांनी नमुन्यावर उभं राहावं."